डॉक्टरांना प्रश्न विचारायची भीती आली कुठून?

दवाखान्यात आपण हमखास विचारतो असा प्रश्न कुठला? 'डॉक्टर, काही सिरियस नाही ना?' बस्स. डॉक्टर 'नाही' म्हणाले की फाईल उचलायची आणि निघायचं. गोळ्या जेवणाआधी की नंतर, हेसुद्धा आपण मेडिकलवाल्याला विचारतो. खरे प्रश्न आठवतात ते घरी जाताना रिक्षात.

मी सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण जुना कोड वाचायची सवय आहे. एखादी गोष्ट सगळीकडे तशीच चालत असेल, तर ती कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली असते. गंमत म्हणजे ही भीतीसुद्धा लिहून ठेवलेली सापडते.

सुरुवात प्राचीन ग्रीसपासून. हिपोक्रेटिसच्या नावावर जे ग्रंथ आहेत, त्यातल्या एकात वैद्याला सल्ला दिलाय की उपचार करताना बहुतेक गोष्टी रोग्यापासून लपवून ठेव. पुढे १८४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपली पहिली आचारसंहिता केली. त्यात रुग्णाची कर्तव्यंही होती, आणि त्यातलं एक म्हणजे डॉक्टर सांगतील ते ताबडतोब, काही न विचारता ऐकायचं. आपल्याकडे हेच लहानपणी शिकवतात ना, 'मोठ्यांना उलट विचारू नये'! फरक एवढाच की तिकडे ते छापून ठेवलं होतं.

याचा परिणाम किती खोल होता बघा. १९६१ मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांचा एक सर्व्हे छापून आला. कॅन्सर झाला तर रुग्णाला सांगता का? जवळपास ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये अमेरिकेतच दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये तसाच सर्व्हे झाला, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. म्हणजे दोन हजार वर्षांची सवय १८ वर्षांत पालटू शकते!

आता एक गोष्ट ऑस्ट्रेलियातली. १९८४, सिडनी. एका बाईंचा उजवा डोळा लहानपणच्या जखमेमुळे जवळपास निकामी होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, डोळा दिसायला बरा होईल आणि नजरही कदाचित सुधारेल. बाई अजिबात गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. चुकून चांगल्या डोळ्यावर ऑपरेशन होऊ नये, याचीही काळजी बोलून दाखवली. एकच प्रश्न राहिला: उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे डाव्याला काही होऊ शकतं का? होऊ शकत होतं. शक्यता साधारण १४,००० मध्ये एक. आणि नेमकं तेच झालं. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली.

डॉक्टरांच्या बाजूने कोर्टात सांगितलं गेलं की त्यांनी हा नेमका प्रश्न विचारलाच नव्हता. १९९२ मध्ये 'रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर' या निकालात तिथल्या हायकोर्टाने हे मानलं नाही. रुग्णासाठी जो धोका महत्त्वाचा आहे, तो डॉक्टरने सांगायला हवा. बरोबर आहे ना? जे आपल्याला माहीतच नाही, ते विचारणार कसं?

मग आपल्याकडे काय? आपल्याकडचा मोठा निकाल २००८ चा, सुप्रीम कोर्टाचा, 'समीरा कोहली' खटल्यातला. दिल्लीत एक बाई तपासणीसाठी भूल घेऊन टेबलवर होत्या. त्या बेशुद्ध असताना बाहेर आईची संमती घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. कोर्ट म्हणालं, ही संमती चालणार नाही. रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग तिलाच विचारायला हवं होतं. आजार काय, उपचार काय, दुसरे पर्याय कुठले, मोठे धोके कुठले आणि उपचार नाही घेतले तर काय होईल, एवढं रुग्णाला सांगितलंच पाहिजे.

पण याच निकालात एक मेख आहे. अगदी दूरचे धोके डॉक्टरने आपणहून सांगायची गरज नाही, असंही कोर्टाने म्हटलं, कारण त्याने पेशंट घाबरून आवश्यक उपचार नाकारू शकतो. म्हणजे सिडनीतला तो १४,००० मधला एक धोका आपल्याकडे कुणी न विचारता सांगेलच असं नाही. म्हणून भारतात आपला प्रश्न जास्त महत्त्वाचा.

तेव्हा पुढच्या वेळी आईबाबांबरोबर दवाखान्यात जाल, तेव्हा नंबर येईपर्यंत रील्स बघण्याऐवजी मोबाइलमध्ये चार ओळी लिहा. नेमकं झालंय काय? दुसरा उपाय आहे का? धोका कुठला? काहीच नाही केलं तर? आणि पाचवी ओळ तुमची स्वतःची, म्हणजे तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ती गोष्ट. ती तुम्ही बोलल्याशिवाय डॉक्टरांना कशी कळणार?

आत गेल्यावर आवाज थरथरला तर सरळ स्क्रीनवरून वाचा. 'डॉक्टर, मी लिहून आणलंय, दोन मिनिटं घेऊ का?' एवढं म्हटलं तरी पुरतं. यात उद्धटपणा काही नाही. बाहेर लाइन मोठी असते, डॉक्टरही थकलेले असतात, आणि नेमका प्रश्न असला की त्यांचाही वेळ वाचतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर विचारत राहा!