रजिस्टर बरोबर होतं, तरी द्राक्षं अडकली

परवा आपल्या भागातल्या एका डेअरीवर गेलो होतो. पाश्चरायझरचं रजिस्टर एकदम टापटीप. रोज 72 अंश, 15 सेकंद, खाली सही. मी विचारलं, "एवढ्याने दूध सुरक्षित होतं, हे या यंत्रावर शेवटचं कधी सिद्ध केलं?" उत्तर आलं, "साहेब, रोजच तपासतो की!"

घोळ इथंच आहे. आकडा रोज बघणं वेगळं आणि त्या आकड्यावर विसंबलेली व्यवस्था आजही धोका अडवते का, हे नव्याने तपासणं वेगळं. हा फरक आपल्या द्राक्षवाल्यांना 2010 साली फार महागात पडला.

2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. मग अपेडाने अंश तपासणीची योजना आणली, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे मुख्य प्रयोगशाळेचं काम आलं, 2006 ला ग्रेपनेट आलं. बाग नोंदवायची, नमुना द्यायचा, अहवाल चांगला असेल तरच कंटेनर भरायचा. व्यवस्था चांगलीच होती. इंदापुरातल्या बोरीपासून नाशिकपर्यंत लोक ती पाळत होते.

2010 च्या हंगामात युरोपने आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड पकडलं. म्हणजे आपलं लिहोसिन. खरड छाटणीनंतर शेंडा रोखायला, काडीत घड धरायला बागायतदार ते वर्षानुवर्षं मारत होते, तेही उघडपणे. मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दहा टन द्राक्षांत अर्धा ग्रॅम! आपल्या तपासणीच्या यादीत हे औषधच नव्हतं. नेहमीच्या एकत्रित तपासणीत ते दिसतही नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. त्यामुळे अहवाल खरे होते आणि माल तरीही नापास झाला. भाव कोसळले. देशाचं कृषिमंत्रीपद तेव्हा आमच्या काटेवाडीच्या पवारसाहेबांकडे, त्यामुळे पारावर दुसरा विषय नव्हता. लिहोसिन यादीत आलं ते नुकसान झाल्यावर.

मग काय, दर महिन्याला सगळं नव्याने तपासायचं? तसं नाही. वर्षातून एकदा आढावा घ्यावाच, पण नवं औषध, नवा कच्चा माल, बदललेलं यंत्र, खरेदीदाराची नवी मर्यादा, एखादी तक्रार, यातलं काहीही आलं की कॅलेंडरकडे बघत बसू नये.

त्या डेअरीतून निघताना सहज कळलं, दिवाळीत मोठा पंप बसवलाय. दूध जोरात जातंय, ते गरम धरून ठेवणारी नळी मात्र जुनीच. म्हणजे 15 सेकंद भरतात का? मालक जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बघायला लागेल." पुढच्या आठवड्यात परत जातोय.