रानपिंगळा
मध्य भारतातील पानझडी वनांत दिवसा वावरणारे लहान घुबड. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा अस्सल नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांचा १९१४ चा गुजरातमधील नमुना संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला होता. त्यामुळे पुढील शोधाची दिशा चुकली. तो बनाव उघडकीस आल्यावर पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी जुन्या विश्वसनीय नोंदींची ठिकाणे धुंडाळली आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा पाहिला. २०१४ मध्ये तो ठाणे व पालघर जिल्ह्यांत पसरलेल्या तानसा अभयारण्यातही पक्षिनिरीक्षकांना आढळला. वृक्षतोड व वनांवरील अतिक्रमण यांपासून त्याला मुख्य धोका आहे.