सनद आणि सत्ता : मेवासाचा अनुभव

मोठ्या पेढीच्या नावाची पाटी लावून दुकान थाटण्याचा प्रघात आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. त्याला फ्रँचायझी म्हणतात. भांडवल आपले, मेहनत आपली, तोटा आला तर तोही आपलाच. परंतु नाव दुसऱ्याचे, आणि नावाबरोबर नियमही दुसऱ्याचे. अशा कारभारात धनी नेमका कोण? हा प्रश्न व्यापाऱ्याला आज पडतो; राज्यकर्त्यांना तो फार पूर्वीच पडला होता.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला. होळकरांपुढे हार खाल्लेल्या पेशव्याला पुण्याची गादी परत हवी होती आणि कंपनीपाशी फौज होती. कंपनीने किमान ६,००० पायदळ द्यावे. पेशव्याने तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा आणि कंपनीला विचारल्यावाचून इतर सत्तांशी बोलणे लावू नये, असे ठरले. गादी मिळाली, शिक्काही राहिला. स्वतःच्या बुद्धीने वागण्याची मोकळीक मात्र गेली. १८१८ साली गादीही गेली आणि खान्देश इंग्रजांच्या हाती आला.

या नव्या सत्तेशी आपल्या जिल्ह्यातील मेवासी संस्थानिकांचा संबंध आला. तापी आणि नर्मदा यांच्यामधल्या सातपुड्याच्या रानात त्यांचा मुलूख होता. दुर्गम डोंगरांत सर्व कारभार स्वतः चालविण्यापेक्षा जुनी घराणी राहू देणे इंग्रजांना सोयीचे वाटले. खान्देशचा कलेक्टर त्यांच्यावर एजंट म्हणून नेमला गेला. १८७४ च्या अनुसूचित जिल्ह्यांच्या कायद्यात ही सहा घराणी त्यांच्या नावांनिशी आली आहेत : काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी आणि चिखलीचे वसावे.

हा कायदा म्हणजे स्वातंत्र्याची कबुली, असे प्रथमदर्शनी वाटेल. कारण तेथे सर्वसाधारण कायदे आपोआप लागू होत नसत. कोणता कायदा लावावा, हे सरकार ठरवी. पण नेमकी मेख येथेच आहे. नेहमीचा कायदा दूर राहिला, म्हणजे त्याचे बंधन जसे टळले तसा त्याचा आधारही टळला. मग एजंटाची मर्जी हीच मोठी गोष्ट ठरते. जेथे नियम करणारा, त्याचा अर्थ लावणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असतो, तेथे मोकळीक कितीही दिसली तरी ती उसनी असते.

स्वातंत्र्यानंतर राज्य बदलले. पश्चिम खान्देशातील मेवासी इस्टेटींचे मालकी हक्क १९६१ च्या विनियमाने रद्द झाले. जमीन कसणाऱ्याच्या दृष्टीने ते युक्तच होते. आपल्या विषयापुरते एवढे ध्यानात घ्यावे की, सरकारदरबारी मान्यता पावून टिकलेला हक्क सरकारी कागदानेच संपला.

म्हणून परक्या नावाखाली धंदा करू पाहणाऱ्याने सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्यावर कोणती बंधने लिहिली आहेत? वाद झाला तर तो सोडविणारा तिसरा कोणी आहे काय? आणि पाटी उतरली, तर आपले म्हणून काय उरेल? बंधन पत्करण्यात कमीपणा नाही. त्याचे मोजमाप न करता ते पत्करणे धोक्याचे.

काठीची राजवाडी होळी मात्र आजही पेटते आणि सातपुड्यातून हजारो माणसे तिच्यासाठी डोंगर उतरून येतात. तिला सनद कोणी दिली नव्हती, म्हणून ती कोणाला काढूनही घेता आली नाही.