नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट

शाळेत वा महाविद्यालयात दहा-पंधरा वर्षे अध्यापन केल्यानंतर अनेक शिक्षकांच्या मनात संशोधनाचा विचार डोकावू लागतो. वर्गात रोज भेडसावणाऱ्या प्रश्नांची उत्तरे शास्त्रशुद्ध पद्धतीने शोधावीत, पदोन्नतीची वाट मोकळी व्हावी, नावामागे ‘डॉक्टर’ ही उपाधी लागावी, अशी कारणे व्यक्तीगणिक वेगळी असतात. अडचण मात्र समान असते. घर आणि नोकरी सोडून पूर्णवेळ विद्यार्थी होणे बहुतेकांना परवडणारे नसते. अशांसाठी अर्धवेळ डॉक्टरेटचा मार्ग खुला असून, पाश्चात्त्य देशांत त्याला ‘कोहोर्ट’ म्हणजेच एकत्र शिकणाऱ्या तुकडीची जोड देण्यात आली आहे. हा मार्ग सोयीचा भासला तरी तो आयुष्याची चार ते आठ वर्षे मागतो. त्यामुळे प्रवेशापूर्वी त्याचे स्वरूप नीट समजून घेणे हिताचे ठरते.

दोन पदव्या, दोन उद्दिष्टे

शिक्षणशास्त्रात डॉक्टरेटच्या दोन पदव्या प्रचलित आहेत. पीएच.डी. ही संशोधक घडविणारी पदवी होय. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमध्ये १८९३ साली शिक्षणशास्त्रातील पीएच.डी. देण्यात आली. दुसरी पदवी ‘डॉक्टर ऑफ एज्युकेशन’ म्हणजेच एड.डी. ही होय. १९२० मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विद्यालयाने ती सुरू केली. मुख्याध्यापक, शिक्षणाधिकारी, अभ्यासक्रम आखणारे तज्ज्ञ अशा कार्यरत व्यावसायिकांसाठी ती योजली गेली होती.

प्रत्यक्षात मात्र या दोन पदव्यांमधील सीमारेषा पुढे पुसट होत गेली. टीचर्स कॉलेजचे तत्कालीन अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी २००५ मधील अहवालात शालेय नेतृत्वासाठीची एड.डी. बंदच करावी, अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी ली शुलमन आणि सहकाऱ्यांनी ही पदवी मोडीत न काढता तिला स्वतंत्र रूप द्यावे, असा विचार मांडला. त्यातूनच २००७ साली ‘कार्नेगी प्रोजेक्ट ऑन द एज्युकेशन डॉक्टरेट’ हा विद्यापीठांचा उपक्रम उभा राहिला. खुद्द हार्वर्डने २०१४ पासून एड.डी.ऐवजी पीएच.डी.चे प्रवेश सुरू केले. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९९२ साली एड.डी. सुरू केली आणि पाठोपाठ अन्य विद्यापीठांनीही ती स्वीकारली.

तुकडीची पद्धत

तुकडी पद्धतीत एका वर्षी प्रवेश घेतलेले विद्यार्थी सारे विषय ठरलेल्या क्रमाने एकत्र शिकतात. वर्ग संध्याकाळी, शनिवार-रविवारी, उन्हाळी सुटीत किंवा ऑनलाइन भरतात. सभासदांत प्राथमिक शाळेची शिक्षिका, महाविद्यालयाचा प्रशासक, परिचारिकांना शिकविणारी प्राध्यापिका असे नाना क्षेत्रांतील लोक असतात. एकाच प्रश्नाकडे पाहण्याच्या त्यांच्या निरनिराळ्या दृष्टी हाच अभ्यासक्रमाचा मोठा लाभ मानला जातो.

या पद्धतीमागे एक अनुभवसिद्ध कारण आहे. डॉक्टरेट अर्धवट सुटते ती बहुधा वर्गातील अभ्यासाच्या काळात नव्हे, तर त्यानंतर. तासिका संपतात, वेळापत्रक उरत नाही, विद्यार्थी घरी एकटाच प्रबंधापुढे बसतो आणि नोकरीतली तातडीची कामे त्या जागेवर अतिक्रमण करतात. सारे विषय उत्तीर्ण, पण प्रबंध अपूर्ण, अशा अवस्थेला अमेरिकी विद्यापीठांत ‘ए.बी.डी.’ असे स्वतंत्र नावच पडले आहे. अशा वेळी बरोबरीची तुकडी विचारपूस करते, मसुदे वाचते आणि मागे पडणाऱ्याला हात देते.

या पद्धतीला दुसरी बाजूही आहे. विषय वर्षातून एकदाच शिकविले जात असल्यास आजारपण, बाळंतपण किंवा बदलीमुळे एक सत्र हुकले की पुढील तुकडीची वाट पाहावी लागते. निवडीचे स्वातंत्र्यही कमी असते. शिवाय काही ठिकाणी तुकडी केवळ विषय शिकण्यापुरतीच टिकते आणि प्रबंधाच्या काळात, म्हणजे खऱ्या गरजेच्या वेळी, विखुरते. म्हणूनच प्रबंधाच्या टप्प्यावर तुकडीच्या नियमित बैठका होतात काय, आणि आधीच्या तुकड्यांतील किती जणांनी मुदतीत पदवी मिळविली, हे दोन प्रश्न प्रवेशापूर्वी विचारलेच पाहिजेत.

नव्या धाटणीच्या एड.डी.त प्रबंधाचा विषय विद्यार्थ्याच्या कार्यस्थळातून येतो. सहावीतल्या मुलांची गळती, नवख्या शिक्षकांना मिळणारे साहाय्य, दुभाषिक मुलांचे वाचन असा प्रत्यक्षातील प्रश्न निवडून त्यावर उपाय योजणे आणि परिणाम तपासणे अपेक्षित असते. येथे एक पेच उद्भवतो. संशोधक आणि अधिकारी या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे येतात. मुख्याध्यापकच मुलाखत घेऊ लागल्यास हाताखालचा शिक्षक मोकळेपणाने बोलेल काय? त्यामुळे विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी, सहभागींची लेखी संमती आणि नावांची गुप्तता यांना विशेष महत्त्व असते.

परदेशस्थ मराठी शिक्षकांसाठी

अमेरिकेत वास्तव्यास असलेल्या मराठी शिक्षकांनी व्हिसाचे नियम आधी पाहावेत. ‘एफ-१’ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासाची अट असल्याने केवळ अर्धवेळ अभ्यासक्रमासाठी येथून तेथे जाणे सहसा शक्य होत नाही. ‘एच-४’ या आश्रित व्हिसावर मात्र शिक्षण घेता येते. खर्चाचाही विचार हवा. पूर्णवेळ पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अनेकदा विद्यावेतन मिळते, तर अर्धवेळ एड.डी.चे शुल्क बहुतांशी स्वतःच्या खिशातून किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेच्या साहाय्याने भरावे लागते.

भारतातील नियम

भारतात अर्धवेळ डॉक्टरेटचा राजमार्ग पीएच.डी. हाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी दिली. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची मुभा आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनास पुरेसा वेळ मिळू शकेल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात नमूद असाव्या लागतात. यातील तिसरी हमी देताना व्यवस्थापन अनेकदा हात आखडता घेते. त्यामुळे अर्ज करण्याआधीच ही बोलणी उरकून घेणे श्रेयस्कर.

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आवश्यक असून राखीव प्रवर्ग, दिव्यांग आदींना पाच टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून नेट परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाची सोय झाली आहे. केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरणाऱ्यांच्या बाबतीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, व हे गुण एक वर्ष ग्राह्य धरले जातात. विद्यापीठाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे काय, हे त्या त्या विद्यापीठाच्या सूचनेवरून पाहावे.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीद्वारे आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना एकूण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही घेता येते.

मार्गदर्शकाची निवड हा कळीचा मुद्दा आहे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी स्वीकारता येत नाहीत. त्यामुळे नामवंत मार्गदर्शकाकडे जागा नसणे ही नित्याची बाब आहे.

फसव्या जाहिरातींपासून सावध

‘परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. घरबसल्या’ अशा जाहिरातींना अनेक शिक्षक भुलतात. शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्या परदेशी संस्थांच्या सहकार्याने देत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असे आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केले. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी २०२५ साली स्वतंत्र विनियम आले असून, फ्रँचायझी पद्धतीने मिळविलेल्या पदव्या त्यात ग्राह्य धरलेल्या नाहीत. परदेशातील प्रामाणिक एड.डी.देखील येथील नोकरीत पीएच.डी.च्या तोडीची मानली जाईलच, असे गृहीत धरू नये. याबाबतची खातरजमा शुल्क भरण्याआधी व लेखी स्वरूपात करून घ्यावी.

स्वतःला विचारावयाचे प्रश्न

नोंदणी करण्यापूर्वी इच्छुकांनी काही गोष्टी कागदावर मांडाव्यात. ही पदवी कशासाठी हवी? सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. अनिवार्य नसून नेट वा सेट ही किमान अर्हता असल्याचे आयोगाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. सहयोगी प्राध्यापक व त्यावरील पदांसाठी मात्र पीएच.डी. लागते. शाळेतच राहू इच्छिणाऱ्या शिक्षकाला पदवीमुळे वेतनात नेमका काय फरक पडेल, हे सेवाशर्तींवरून तपासता येते. आठवड्यातील कोणते तास अभ्यासासाठी राखता येतील आणि त्या वेळी घरातील कामे कोण उचलेल, याचा निर्णय कुटुंबासह व्हावा. विशेषतः शिक्षिकांच्या बाबतीत हा प्रश्न गुळमुळीत सोडला की पुढे प्रबंधच बळी जातो.

भारतीय पीएच.डी.त तुकडीची औपचारिक व्यवस्था सहसा नसते. पण ती उभी करणे अवघड नाही. एकाच वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या पाच-सहा जणांनी महिन्यातून एकदा जमून परस्परांची प्रकरणे वाचायची, एवढे ठरविले तरी पुरे. विषय भिन्न असले तरी बिघडत नाही. पुढच्या बैठकीला दहा पाने न्यायची आहेत, ही जाणीव अर्धवेळ संशोधकाला लिहिते ठेवते, आणि प्रबंध पूर्ण होण्यासाठी त्याची सर्वाधिक गरज असते.