फ्लाइंग क्लब

फ्लाइंग क्लब : लहान विमाने चालवायला शिकवणारी आणि परवाना मिळालेल्या सभासदांना तासाच्या हिशेबाने विमान उडवायला देणारी संस्था. ‘उड्डाण मंडळ’ असा मराठी प्रतिशब्द करता येईल, पण धावपट्टीच्या आसपास तो कोणाच्या तोंडी नाही. मालक, मेकॅनिक, विद्यार्थी सगळे ‘क्लब’च म्हणतात. सरकारी कागदपत्रांत आता अशा संस्थेला फ्लाइंग ट्रेनिंग ऑर्गनायझेशन किंवा नुसते एफटीओ म्हटले जाते. शिकवणे आणि हौस भागवणे ही क्लबची मूळची दोन कामे. भारतात त्यांतले दुसरे हळूहळू मागे पडले आणि क्लबचा क्लास झाला. शंभरातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना एअरलाइनची नोकरी हवी असते, आणि त्यात वावगे काही नाही. पण त्यामुळे रविवारी सकाळी सहज एक फेरी मारून येणारा वैमानिक इकडे विरळाच.

सुरुवात : ब्रिटिश अमदानीत १९२८ च्या सुमारास दिल्ली, कराची, मुंबई, कलकत्ता अशा शहरांत क्लब निघाले. सरकारने त्यांना अनुदान दिले, आणि डी हॅविलँड कंपनीची मॉथ ही दोन पंखजोड्यांची, उघड्या कॉकपिटची विमाने तेव्हा शिकण्याचे मुख्य साधन झाली. मुंबईचा क्लब जुहूला होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक १ होता.

त्या पिढीचे आपसातले नाते कसे होते, हे आगाखान पारितोषिकाच्या गोष्टीवरून कळते. भारत आणि इंग्लंड यांमधील प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ते बक्षीस होते. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले, तर ॲस्पी इंजिनियर हा किशोरवयीन मुलगा इंग्लंडहून उलट दिशेने. इजिप्तमधील अबुकीरच्या तळावर दोघे भेटले. ॲस्पी तिथे स्पार्क प्लगविना अडकला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले, आणि त्याने परतफेड म्हणून आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. बक्षीस ॲस्पीने जिंकले. पुढे तेच ॲस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. १९३६ मध्ये लाहोरच्या क्लबात सरला ठकराल यांनी एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीने उडवले.

जुहू : १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले. भारतीय विमानवाहतूक त्या दिवसापासून मोजतात. जागा मात्र अडचणीची. समुद्राला लागून असलेले ते मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून टाटांची टपालसेवा त्या महिन्यांत पुण्याला हलवावी लागे. पुढे सांताक्रूझचा मोठा विमानतळ शेजारीच झाला आणि वेगळाच घोळ सुरू झाला. १९५३ मध्ये एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट जुहूलाच सांताक्रूझ समजून उतरले. १९७२ मध्ये एका जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते धावपट्टी संपून पुढे गेले. दोन धावपट्ट्या इतक्या जवळ असताना शिकाऊ विमानांना मोकळे आकाश कुठून मिळणार? मोठ्या विमानांची गर्दी वाढत गेली तसे शिकाऊ उड्डाण मुंबईबाहेर गेले. बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमाने आता धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरून उडतात.

लहान गावच का : शिकाऊ वैमानिकाला एका तासात आठ-दहा वेळा उतरायचे असते. प्रवासी विमानांचा विमानतळ त्याला हे करू देत नाही. प्रत्येक मोठ्या विमानामागून हवेत भोवरे राहतात आणि हलक्या विमानाला ते विरेपर्यंत थांबावे लागते. म्हणून महाराष्ट्रात ही विद्या धुळे, शिरपूर, बारामती, जळगाव, गोंदिया अशा ठिकाणी गेली. गोंदियाची बिरसी धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेली. तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि सीएई ही कॅनडाची कंपनी यांनी मिळून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था काढली. उत्तर प्रदेशातील फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनेही तास वाढवण्यासाठी बिरसीला तळ ठेवला होता. गंगेच्या खोऱ्यात हिवाळाभर धुके असते आणि विदर्भात त्या मानाने आकाश मोकळे, हे यामागचे साधे कारण. २०२१ मध्ये प्राधिकरणाने देशातील पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिल्या, त्यांत जळगाव होते. एअर इंडियाने २०२४ मध्ये आपल्या शाळेसाठी अमरावतीचे बेलोरा निवडले.

अशा अनेक धावपट्ट्यांवर नियंत्रण मनोरा नसतो. मग प्रत्येक वैमानिक रेडिओवर आपण कुठे आहोत ते बोलत राहतो आणि बाकीचे ऐकून मनात नकाशा मांडतात. कानावर पडलेल्या आवाजांवरून चौघांच्या जागा लक्षात ठेवण्याची ही सवय मोठ्या विमानतळावर शिकलेल्याला सहजी लागत नाही, असे जुने प्रशिक्षक सांगतात.

विमान : स्वातंत्र्यानंतर क्लबांसाठी हिंदुस्तान एअरक्राफ्टने (आताचे हिंदुस्तान एअरोनॉटिक्स) पुष्पक हे दोन आसनी विमान बनवले. त्याचे पहिले उड्डाण १९५८ मध्ये झाले आणि एकूण दीडशेच्या आसपास पुष्पक तयार झाली. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे हंसा १९९३ मध्ये प्रथम उडाले. तरी राज्य चालते ते अमेरिकन सेस्नाचे. दोन आसनी सेस्ना १५२ चे उत्पादन १९८० च्या दशकाच्या मध्यालाच थांबले; चार आसनी १७२ चे १९५६ पासून, मधला खंड सोडला तर, आजही चालू आहे आणि त्याची ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. भरलेल्या १५२ चे कमाल वजन सुमारे ७५७ किलो, म्हणजे साध्या मोटारगाडीहूनही कमी. गोंदियाला मूळच्या ऑस्ट्रियन डायमंड कंपनीची डीए-४० असतात.

दिवस इंधन तपासण्यापासून सुरू होतो. पंखाखालच्या झडपेला पारदर्शक पेला लावून विद्यार्थी थोडे पेट्रोल काढतो आणि उजेडाकडे धरतो. १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. पाणी मिसळले असेल तर ते जड म्हणून तळाशी बसते आणि निळ्याखाली बिनरंगी थेंब दिसतो. रात्री अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरते, तेव्हा हा थेंब निघतोच. तो निघेपर्यंत पुन्हा पुन्हा पेला भरायचा. मग ऑइल, पंखांचे बिजागर, टायर, वेग मोजणाऱ्या नळीचे तोंड (तिच्यात कुंभारमाशीने घर केलेले असू शकते). धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर नेऊन ठिणगी पुरवणारे दोन मॅग्नेटो एकेक करून बंद करून पाहतात. फेऱ्या थोड्या उतरायला हव्यात, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नाहीत. अजिबात उतरल्या नाहीत तर तेही वाईट. वायरिंगमध्ये काहीतरी गडबड आहे.

सर्किट : शिकण्याचा गाभा म्हणजे धावपट्टीभोवतीचा एक लांबट चौकोन. वाऱ्याला तोंड देऊन उचलायचे, डावीकडे वळायचे, जमिनीपासून हजार फुटांवर धावपट्टीला समांतर उलट जायचे, पुन्हा दोनदा डावीकडे वळून उतरायचे. यातल्या बाजूंना क्रॉसविंड, डाउनविंड, बेस, फायनल म्हणतात आणि या शब्दांना मराठी कोणी शोधत बसत नाही. एक फेरा पाच-सहा मिनिटांचा. टेकले की थांबायचे नाही, फ्लॅप आत, पूर्ण थ्रॉटल, पुन्हा वर. हे टच अँड गो. डाउनविंडला धावपट्टीचे टोक पंखाच्या बरोबर आले की थ्रॉटल कमी करायचे, आणि तिथून पुढचे सगळे या एका क्षणावर अवलंबून असते. तिथे वेग जास्त राहिला तर फायनलवर उंची जास्त, मग टेकण्याची जागा पुढे, मग धावपट्टी कमी.

नवशिक्याची चूक बहुधा शेवटच्या वीस फुटांत होते. तो जवळची जमीन पाहतो, ती अंगावर धावून येते, आणि तो दांडा ओढतो. विमान पुन्हा वर जाते, वेग संपतो आणि मग दाणकन आपटते. प्रशिक्षक एकच गोष्ट शंभरदा सांगतो : नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला. पंधरा-वीस तासांनंतर कधीतरी एका सकाळी प्रशिक्षक धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगतो, पट्टा सोडतो, आणि तीन फेरे मारून ये म्हणून उतरतो. त्याचे सत्तर-ऐंशी किलो कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा लवकर उचलते आणि झपाट्याने चढते. एकट्याने उडणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो या हलकेपणाचा. उजवीकडची जागा रिकामी असते. उतरल्यावर मित्र बादलीभर पाणी अंगावर ओततात, हा प्रघात बहुतेक क्लबांत आहे.

त्यानंतर क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळावर जाऊन परत येणे. खानदेशात मार्ग ओळखायला तापीचे पात्र, सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग या मोठ्या खुणा. उन्हाळ्यात नद्या कोरड्या पडल्या की नकाशावरची निळी रेघ खाली करड्या वाळूची होते आणि नवखा गोंधळतो.

परवाने : नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार शिकाऊ परवाना १६ व्या वर्षापासून मिळतो. खासगी वैमानिकाचा परवाना (पीपीएल) १७ व्या वर्षी आणि किमान ४० तासांवर. व्यावसायिक (सीपीएल) १८ व्या वर्षी, २०० तासांवर. या २०० तासांत किमान १०० स्वतः कप्तान म्हणून, ३०० सागरी मैलांची एक क्रॉस-कंट्री, आणि रात्रीचे पाच तास. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. लेखी परीक्षा नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या, ७० टक्के गुणांवर उत्तीर्ण. रेडिओचा परवाना वेगळा. सगळा खर्च आता निम्म्या कोटीच्या घरात जातो. शेत किंवा घर गहाण टाकून मुलाला पाठवणारे पालक गोंदिया-बारामतीच्या मेसमध्ये भेटतात.

उड्डाणाचे तास महाग असल्याने ते नुसते नोंदवहीतच वाढवण्याचा मोह जुना आहे. वैमानिकांच्या बोलीत याला पार्कर पेनाचे तास म्हणतात. २०११ मध्ये तर बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने उघड झाले आणि डीजीसीएने देशभर छाननी केली.

हवामान : पावसाळ्याचे चार महिने क्लबचे वैरी. दिसण्यावर उडणाऱ्या विमानाला पाच किलोमीटर दृश्यमानता हवी आणि ढगांपासून अंतर हवे. जुलैत दोन्ही मिळत नाहीत. विद्यार्थी हॉस्टेलमध्ये परीक्षेचा अभ्यास करतात आणि दर तासाला आकाश पाहतात. उन्हाळ्याचा त्रास वेगळा. हवा तापली की विरळ होते, पंखांना आणि प्रोपेलरला धरायला कमी मिळते, इंजिनाची ताकद उतरते. समुद्रसपाटीपासून हजार फुटांवरच्या धावपट्टीवर पारा ४२ अंशांवर असेल तर विमान वागते ते साडेचार हजार फुटांवर असल्यासारखे. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी खानदेशातली धावपट्टी जणू महाबळेश्वरच्या पठारावर नेऊन ठेवलेली असते, फक्त थंडावा सोडून. त्यातून वर येणारे गरम झोत विमानाला फायनलवर उचलतात आणि आपटतात. म्हणून पहिले विमान सूर्योदयाला निघते आणि उन्हे चढली की हँगरची दारे ओढली जातात.

डोंगर हा आणखी एक धोका. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून निघालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ जंगलात कोसळून प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघांचा मृत्यू झाला.

हौशी उड्डाण : पीपीएलधारकाने मोबदला घेऊन उडवायचे नसते. मित्राला शेजारी बसवता येते, भाडे घेता येत नाही. परवाना टिकवायला ठरावीक उड्डाणे आणि वैद्यकीय तपासणी करत राहावे लागते, आणि पेट्रोलही महाग. विमानाचे पेट्रोल भारतात २०२२ पर्यंत सगळे बाहेरून येई. त्या वर्षी इंडियन ऑइलने देशी १०० एलएल बाजारात आणले. त्यात स्वतःचे विमान ठेवायचे म्हटले तर आयातीची परवानगी, हँगर, मेकॅनिक आणि दरवर्षीची तपासणी हे सगळे आले. अमेरिकेत शिक्षक, शेतकरी, दंतवैद्य सुटीच्या दिवशी जुने १७२ काढून नाश्त्याला शेजारच्या गावी जातात; तिथे स्थायिक झालेल्या काही मराठी माणसांनाही हा छंद लागला आहे. इथे ते जमणे कठीणच. स्वस्तात हवेत जाण्याचा एक मार्ग पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरात आहे. डीजीसीएच्या या केंद्रात इंजिन नसलेले ग्लायडर तारेने ओढून वर सोडतात आणि वैमानिक गरम झोत शोधत तरंगतो.

तरी अपवाद निघतात. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, उडवण्याची परवानगी मिळायला २०१९ उजाडले, आणि चाचणीसाठी ते नेले धुळ्याला. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये माही नावाच्या छोट्या विमानातून स्कॉटलंडहून आइसलँड, ग्रीनलँड करत कॅनडातील इकालुइटपर्यंत अटलांटिक एकटीने ओलांडला. जेआरडींनी स्वतः १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, कराची ते मुंबई या टपालाच्या पहिल्या मार्गावर पुन्हा उड्डाण केले होते. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी पंडितांनी त्याच्या भारतातल्या भागावर उड्डाण केले : भुजहून निघून अहमदाबादमार्गे, टपाल घेऊन, जुहूपर्यंत.