ऑनलाइन जुगारबंदी आणि खेळणाऱ्यांसाठी सुरक्षेची माहिती (परभणी जिल्हा)

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालताना, त्यांच्या नादी लागलेल्यांना धोक्याची व मदतीची माहिती मिळत राहावी यासाठीची व्यवस्था.

कायदा : मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ हा अड्डा आणि रस्ता डोळ्यांसमोर ठेवून झाला. मटक्याच्या चिठ्ठ्या घेणाऱ्यावर पोलीस आजही त्यातील कलम १२ (अ) लावतात. अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही कलम ५ खाली आरोपी होतो. निव्वळ कौशल्याचे खेळ कलम १३ने वगळले आहेत. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य व नशीब हा भेद मोडीत काढला. खेळ पुरवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरातदारास २ वर्षे व ५० लाखांपर्यंत. या कायद्यात खेळणाऱ्यास शिक्षा नाही. त्याविरुद्धच्या याचिका सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

इशारे व मर्यादा : भारतीय जाहिरात मानक परिषदेने १५ डिसेंबर २०२०पासून पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या छापील जाहिरातीची किमान २० टक्के जागा आर्थिक जोखीम व व्यसनाच्या इशाऱ्यासाठी राखायला लावली. एप्रिल २०२३च्या केंद्रीय नियमांत आणखी दोन गोष्टी होत्या : खेळ लांबला की वारंवार इशारा, आणि स्वतः ठरवलेली वेळेची वा पैशांची मर्यादा गाठताच खेळातून बाहेर पडण्याची सोय. अंमल स्वयंनियामक संस्थांवर सोपवला होता. तशी एकही संस्था अधिसूचित झाली नाही. बंदीनंतरही जो दलालाकडून ‘आयडी’ (खेळायचे खाते) घेऊन परदेशी संकेतस्थळावर खेळतो, त्याच्यासाठी यातले काहीच नाही. त्याचे यूपीआयचे पैसे अनेकदा तिसऱ्याच माणसाच्या खात्यात पडतात.



मदत : जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा आजार आहे. ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा (१४४१६, ऑक्टोबर २०२२पासून) मराठीतून मोफत समुपदेशन करते. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर लगेच केल्यास रक्कम गोठवता येते. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात परभणीचा समावेश आहे. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन ताण व नैराश्याची विचारपूस करतात. त्याच विचारपुशीत मोबाइलवरील जुगाराचा आणि त्यापायी झालेल्या उसनवारीचा प्रश्न आला पाहिजे. पोलिसांच्या धाकाने घरे गप्प राहतात; म्हणून नव्या कायद्यात खेळणाऱ्यास शिक्षा नाही, हे वाक्य १४४१६च्या जोडीने बंदीच्या प्रत्येक फलकावर हवे.