२८,८०० आकडे आणि एक डोकं: सीटी स्कॅनची गोष्ट

हेडफोन लावलेत? मग सुरू करूया. (ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी एपिसोडचा हा लिखित भाग. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' तेवढे गाळलेत.)

आज सुरुवात एका आकड्यापासून: २८,८००. तारीख १ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या विम्बल्डन भागातलं अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटल. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली एक बाई मशीनमध्ये डोकं ठेवून पडून आहे. क्ष-किरणांची एक बारीक शलाका तिच्या डोक्यातून आरपार जाते, पलीकडे किती उरली ते मोजलं जातं. एका कोनातून अशी १६० मोजमापं. मग मशीन एक अंश फिरतं, पुन्हा १६०. असे १८० कोन. गुणाकार करा, २८,८०० येतात.

स्कॅन संपला तेव्हा कुणाकडेच चित्र नव्हतं. होते फक्त आकडे, चुंबकीय टेपवर. ती टेप ईएमआय कंपनीकडे नेली, तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरने हिशेब केला आणि मग ८० गुणिले ८० चौकटींचं एक चित्र तयार झालं. आजच्या मोबाईलवरचा अ‍ॅपचा आयकॉनसुद्धा त्याहून बारीक असतो. पण त्यात गाठ दिसत होती. पुढे ऑपरेशन झालं, तेव्हा ती चित्रात होती तशीच सापडली.

मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे मला या गोष्टीत सगळ्यात भारी वाटतं ते हे: डॉक्टरांनी पाहिलेलं ते चित्र कुठल्याही कॅमेऱ्याने काढलेलं नव्हतं. ते एका गणिताचं उत्तर होतं. आजही आपल्या प्रत्येक सीटी स्कॅनचं तसंच आहे. हे एकदा नीट समजलं की सध्या हॉस्पिटलांमध्ये एआय येतंय, त्याबद्दल नेमका काय प्रश्न विचारायचा हेही कळतं. तिथपर्यंत आपण येऊच.

आधी काय होतं?

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत व्हुर्झबुर्गला विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरमध्ये त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो घेतला. हाडं आणि बोटातली अंगठी. जग वेडं झालं. पण साधा एक्स-रे म्हणजे सावली. कंदिलापुढे चार माणसं एकामागे एक उभी राहिली की भिंतीवर एकच काळा गोळा दिसतो ना, तसं. हाड तुटलंय का हे सावलीत कळतं. मेंदू मात्र कवटीच्या आत, मऊ, आणि आतल्या आत त्याच्या भागांमधला फरक अगदी थोडा. सावलीत तो जवळपास गायबच.

मग डॉक्टर काय करायचे? १९१८-१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूभोवतीचं पाणी काढून तिथे हवा भरायची पद्धत काढली, म्हणजे एक्स-रेमध्ये पोकळ्यांचा आकार तरी दिसेल. पाठीच्या कण्यातून सुई, आत हवा, आणि त्यानंतर भयंकर डोकेदुखी आणि उलट्या. गाठ आहे का एवढं बघायला माणसाने हे सोसायचं. सीटी येईपर्यंत पन्नासेक वर्षं हे चाललं.

कोडं समजून घेऊ

आता एक छोटं कोडं. कागद नसेल तर डोक्यातच करा. चार घरांची चौकट आहे. प्रत्येक घरात एक आकडा लपलाय. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ११. डाव्या उभ्या रांगेची ८, उजव्या रांगेची १०. घरांमधले आकडे कोणते?

वर ५ आणि २, खाली ३ आणि ८. जमतंय. पण वर ४ आणि ३, खाली ४ आणि ७ हेही जमतंय! दोन दिशांच्या बेरजा पुरत नाहीत. आता मी तिसरी दिशा देते: वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणाऱ्या तिरक्या रेषेची बेरीज १३. बस, आता एकच उत्तर उरतं: ५, २, ३, ८.

सीटी स्कॅन म्हणजे हेच. शरीराचा एक आडवा काप घ्या, त्याच्या चौकटी करा. क्ष-किरणाची प्रत्येक शलाका म्हणजे एका रेषेवरच्या घरांची बेरीज. पहिल्या मशीनमध्ये घरं ६,४०० आणि बेरजा २८,८००. घरं कमी, बेरजा जास्त. कारण खऱ्या मोजमापात थोडी गडबड असतेच, ती सावरायला जादा माहिती लागते.

एकच उत्तर, अनेक कपाटांत

ही पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. हे कोडं सोडवण्याचं गणित १९१७ सालीच छापून आलं होतं! योहान राडोन नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाने सिद्ध केलं, की सगळ्या रेषांवरच्या बेरजा माहीत असतील तर आतली आकृती परत मिळवता येते. पेपर जर्मन भाषेत, शुद्ध गणिताचा. वैद्यकाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १९५६ मध्ये राडोन वारले, सीटी स्कॅन न बघताच.

त्याच १९५६ साली दोन ठिकाणी दोन माणसं याच कोड्यापाशी पोहोचली. ऑस्ट्रेलियाचे रोनाल्ड ब्रेसवेल यांनी रेडिओ लहरींतून सूर्याचा नकाशा बनवण्यासाठी ते सोडवलं. आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या ग्रूट शूर हॉस्पिटलमध्ये अ‍ॅलन कॉरमॅक हे भौतिकशास्त्रज्ञ आठवड्यातून दीड दिवस कामाला जात होते. किरणोत्सारी पदार्थ वापरताना भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख असावी असा तिथला नियम होता, म्हणून. त्यांच्या लक्षात आलं, की कॅन्सरच्या रुग्णाला किती किरण द्यायचे हे ठरवताना अख्खं शरीर एकसारखंच धरलं जातंय. हाड, फुप्फुस, चरबी, सगळं एकच! आतला नकाशा मिळाला तर? त्यांनी अ‍ॅल्युमिनियम आणि लाकडाच्या तबकडीवर प्रयोग केला, गणित मांडलं, १९६३ आणि १९६४ मध्ये पेपर छापले.

प्रतिसाद? जवळपास शून्य. पेपरची प्रत मागणाऱ्यांत एक पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राचं होतं. त्यांना बर्फाच्या थरांत डोकवायचं होतं! आणि राडोन यांचा पेपर? तो कॉरमॅक यांना स्वतःचं काम सुरू केल्यानंतर १४ वर्षांनी कळला.

म्हणजे बघा, उत्तर जगात होतं. वेगवेगळ्या विषयांच्या, वेगवेगळ्या भाषांच्या कपाटांत. तेव्हा सर्च बॉक्स नव्हता, म्हणून प्रत्येकजण चाक नव्याने शोधत होता. आणि इकडे रुग्णांच्या डोक्यात हवा भरणं चालूच.

डिग्री नसलेला इंजिनिअर

मग आले गॉडफ्री हाउन्सफील्ड. युद्धात हवाई दलात रडार शिकवलेलं, नंतर लंडनच्या फॅराडे हाऊसचा डिप्लोमा. विद्यापीठाची पदवी नाही. (बीटेक केलेल्या मंडळींनी इथे जरा नम्र व्हायला हरकत नाही, मीही होते.) ईएमआयमध्ये ब्रिटनच्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरांपैकी एक त्यांच्या टीमने बनवला. १९६७ च्या सुमारास त्यांना वाटलं, एखाद्या बंद पेटीत काय आहे हे सगळ्या कोनांतून मोजून ओळखता येईल.

पहिला प्रयोग जुन्या लेथच्या सांगाड्यावर. किरणांचा उगम इतका क्षीण, की एका चित्राची मोजमापं घ्यायला ९ दिवस लागले आणि हिशेबाला कॉम्प्युटरचे अडीच तास. क्ष-किरणांची नळी लावल्यावर ९ दिवसांचे ९ तास झाले. मग बैलाचे मेंदू खाटिकखान्यातून आणून स्कॅन केले. आणि मग रेडिओलॉजिस्ट जेम्स अँब्रोज यांच्या साथीने ते हॉस्पिटलपर्यंत पोहोचले.

इथे एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड खोडून काढते. 'बीटल्सच्या गाण्यांच्या पैशांतून सीटी स्कॅन जन्मला', कारण बीटल्सच्या रेकॉर्ड ईएमआयच्या. गोष्ट गोड आहे, पण नंतर संशोधकांनी हिशेब तपासले तेव्हा ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा वाटा कंपनीच्या वाट्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. म्हणजे श्रेय द्यायचंच तर ब्रिटनच्या करदात्यांना द्या.

१९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळून मिळालं. दोघांकडेही डॉक्टरेट नव्हती.

आपल्याकडचा धागा

कॉलेजात इमेज प्रोसेसिंगच्या लॅबला मॅटलॅबमध्ये मी 'आयराडोन' नावाचं फंक्शन चालवलं होतं. तुम्ही फिल्टर सांगितला नाहीत तर ते स्वतःहून एक फिल्टर निवडतं. त्याचं नाव: 'राम-लॅक'. हे राम कोण? गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. आणि लॅक म्हणजे ए. व्ही. लक्ष्मीनारायणन. प्रथिनांच्या रचनेचा 'रामचंद्रन आलेख' बारावीच्या पुढे जीवशास्त्र घेतलेल्यांना आठवेल, तेच रामचंद्रन.

त्यांनी काय केलं? प्रत्येक मोजमाप ज्या रेषेवरून आलं, त्याच रेषेवर परत पसरवून टाकायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची, हा सोपा मार्ग. पण त्यात चित्र धुकट येतं, ओल्या कागदावर शाई फुटावी तसं. मग आधी फुरिये रूपांतर करा, दुरुस्त करा, परत उलटं फिरवा. त्या काळच्या कॉम्प्युटरला हे जड. या दोघांनी १९७१ मध्ये, म्हणजे पहिल्या रुग्णाच्याच वर्षी, अमेरिकेच्या 'पीएनएएस' नियतकालिकात दाखवलं, की ते सगळं टाळता येतं. पसरवण्याआधी प्रत्येक आकड्यावर एक साधी क्रिया करा: मधल्याला अधिक वजन, शेजाऱ्यांना उणे. शाई फुटण्याआधीच आवरली जाते. हाउन्सफील्ड यांची मूळ पद्धत अंदाज बांधा, तपासा, सुधारा अशी पुन्हा पुन्हा करायची होती. पण कॉम्प्युटरचा वेळ महाग, म्हणून पुढची जवळपास चाळीस वर्षं जगभरच्या सीटी मशीनांत राज्य केलं ते या फिल्टरवाल्या घराण्याने.

आणि आता एआय

सीटीत किरणांचा डोस साध्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त. छातीच्या एक्स-रेला सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, तर छातीच्या नेहमीच्या सीटीला साधारण ६-७. डोस कमी केला की मोजमापं खरखरीत होतात आणि फिल्टर ती खरखर आणखी वाढवतो. म्हणून २००९ च्या आसपास, कॉम्प्युटर स्वस्त झाल्यावर, अंदाज-तपासणी-सुधारणा ही हाउन्सफील्डवाली कल्पना नव्या रूपात परत आली. आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डीप लर्निंगने चित्र बांधणाऱ्या सीटी सॉफ्टवेअरना परवानगी दिली. कमी डोस, तरीही गुळगुळीत चित्र. खरंच मोठी गोष्ट आहे, विशेषतः लहान मुलांसाठी.

पण इथे दोन प्रकारचे एआय वेगळे करा. एक, चित्र वाचणारा. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर डॉट एआयचं सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेत क्षयरोगाची लक्षणं शोधतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरच्या लोकांच्या क्षय तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरच्या वापराला मान्यता दिली. तिथे मशीन चुकलं तर डॉक्टर तोच एक्स-रे बघून म्हणू शकतात, 'छे, असं काही नाहीये.'

दुसरा प्रकार, चित्र बांधणारा. तो चुकला तर डॉक्टरांसमोर येतं तेच चुकलेलं चित्र, आणि तेही छान स्वच्छ. आपल्या कोड्यात ओळी आणि रांगांच्या बेरजा होत्या, तिरकी नव्हती; तेव्हा एकापेक्षा जास्त उत्तरं जमत होती. एआय अशा वेळी आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून त्यातलं 'नेहमीचं वाटणारं' उत्तर निवडतो. बहुतेकदा बरोबर. पण रुग्णाचं दुखणंच जर नेहमीचं नसेल तर? २०२० मध्ये त्याच 'पीएनएएस'मध्ये एका संशोधक गटाने दाखवलं, की चित्र बांधणाऱ्या काही न्यूरल नेटवर्कमध्ये मोजमापात अगदी बारीक बदल केला तरी चित्रात भलतंच उमटतं, आणि छोटासा बारकावा पुसलाही जाऊ शकतो.

दुसरी वाट आहे अंदाज सुधारण्याऐवजी मोजमापच सुधारण्याची. २०२१ मध्ये एफडीएने परवानगी दिलेला फोटॉन-काउंटिंग सीटी क्ष-किरणाचा एकेक कण मोजतो, त्याच्या ऊर्जेसकट. मशीन महाग आहे. सॉफ्टवेअर अपडेट त्यामानाने स्वस्त. त्यामुळे आपल्या शहरांत आधी काय पोहोचेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मी एआयच्या विरोधात नाही. माझा पगारच सॉफ्टवेअरमधून येतो. पण १९७१ च्या त्या चित्रावर विश्वास बसला, कारण पुढे सर्जनने कवटी उघडून ते पडताळलं. पडताळणी हा त्या शोधाचाच भाग होता. 'कमी डोस, सुंदर चित्र' असं कुणी सांगितलं की विचारायचं ते एवढंच: हे कुठल्या रुग्णांवर पडताळलंय, आणि त्यांत आमच्यासारखे किती होते?

जाता जाता कामाचं एक. सीटीमध्ये प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो: हवा उणे १०००, पाणी शून्य, हाड कित्येक शे ते हजारच्या वर. याला हाउन्सफील्ड एककं म्हणतात. फिल्मवर या आकड्यांचा एक छोटा तुकडाच छापला जातो, आणि त्या फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो म्हणजे तुकड्याचाही तुकडा. गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका काकांचा स्कॅन दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना दाखवायचा होता, तर त्यांचा पहिलाच प्रश्न: 'सीडी आहे का?' म्हणून घरात कुणाचाही सीटी झाला तर रिपोर्टसोबत सीडी किंवा डिजिटल फाईलची लिंक मागून घ्या, आणि जपून ठेवा. स्कॅनचे खरे आकडे त्यात असतात.

आजच्यापुरतं एवढंच. चार घरांचं कोडं घरच्यांना घालून बघा, तिरकी बेरीज न सांगता. कोण भांडतं ते मला कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!